पाणी शिरलेल्या नावेचें अंतरंग

यवतमाळ जिल्ह्याच्या महागांव तालुक्यांतील फुलसावंगी हें गांव पैनगंगेच्या खोऱ्यांत वसलेलें आहे. तेथून अरबी समुद्र सरळ रेषेनें मोजला तरी पांचशें किलोमीटरांहून अधिक दूर पडतो. कापूस आणि तूर यांचीं शेतें, पलीकडे सागाचें रान, आणि उन्हाळ्यांत ठणठणीत कोरडे पडणारे ओढे, असा हा मुलूख. येथें नावेचा विषय काढणें म्हणजे भर दुपारीं कंदील पेटविण्यासारखें आहे, असें कित्येक श्रोत्यांस वाटेल. परंतु २०२३ सालच्या जुलै महिन्यांत याच तालुक्यांत असा पाऊस झाला कीं, आनंदनगर या वस्तींतील माणसें पुराच्या वेढ्यांत सांपडलीं आणि त्यांच्या सुटकेसाठीं हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांना पाचारण करावें लागलें. कोंकणांतील कोळ्याला नाव रोज लागते. पठारावरील माणसाला ती वर्षावर्षांत लागत नाहीं. पण ज्या रात्रीं लागते, त्या रात्रीं ती दुरुस्त करीत बसण्यास कोणालाही सवड नसते.

आणि चमत्कारिक गोष्ट अशी कीं, रोज पाण्यावर राहणाऱ्या नावेपेक्षां अशी वर्षानुवर्षें जमिनीवर उभी असलेली नावच आंतून अधिक लवकर कुजते. एखाद्या आवाराच्या कोपऱ्यांत, ताडपत्रीनें अर्धवट झांकलेली, ती कोणाच्याही वाटेंत नसते. ताडपत्रीला कोठें तरी एक भोंक पडतें. पावसाचें पाणी त्यांतून उतरून तळफळ्यांखालीं जाऊन बसतें, आणि वर ताडपत्री असल्यामुळें त्याची वाफही बाहेर पडूं शकत नाहीं. असे चार पावसाळे गेले म्हणजे बाहेरून रंगानें तकतकीत दिसणारी नाव आंतून भिजलेल्या पावासारखी झालेली असते. अशा नावेचें अंतरंग पुन्हां कसें उभें करावें, आणि मुख्य म्हणजे तें उभें केल्याचें केवळ सोंग कसें ओळखावें, हा आजच्या भाषणाचा विषय होय.

समुद्राचें पाणी खारें म्हणून घातक, आणि पावसाचें गोडें म्हणून निरुपद्रवी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. लांकडाच्या बाबतींत ती जवळजवळ उलट आहे. लांकूड कुजणें ही पाण्याची करणी नव्हे, बुरशीची होय. बुरशी ही ना वनस्पति ना प्राणी. सजीव सृष्टींतील ती एक निराळीच जात आहे, आणि लांकूड हें तिचें अन्न. या अन्नाबरोबर तिला ओल, हवा आणि ऊब या तिन्ही गोष्टी हव्या असतात. लांकडाच्या कोरड्या वजनाच्या शेंकडा वीस भागांहून कमी ओल असली, तर तिची वाढ होत नाहीं. ओल शेंकडा तीसच्या आसपास पोहोंचली कीं तिला दिवाळी. परंतु तेंच लांकूड पूर्णपणें पाण्याखालीं बुडालेलें असेल, तर हवेच्या अभावीं ती पुन्हां उपाशी राहते. स्वीडन देशाचें वासा नांवाचें युद्धनौकेचें धूड १६२८ सालीं पहिल्याच सफरींत बंदराबाहेर पडतांपडतांच बुडालें आणि १९६१ सालीं वर काढण्यांत आलें. मधल्या तीनशें तेहतीस वर्षांत समुद्रतळाशीं त्याचें लांकूड टिकून राहिलें. खरी काळजी पुढें तें वर आल्यावर लागली. तें वाळतांना आकसून तडकूं नये म्हणून सतरा वर्षें त्यावर औषधी द्रवाचे फवारे मारावे लागले.

म्हणजे लांकडाला कोरडें राहणें मानवतें, पूर्ण बुडून राहणेंही मानवतें. मानवत नाहीं ती या दोहोंमधील ओलसर, कोंदट अवस्था. तशांत पाणी खारें असेल तर मीठ बुरशीला बरेंच रोखून धरतें. जुने जहाजबांधे नावेच्या बरगड्यांमधील पोकळ्यांत मुद्दाम मीठ भरून ठेवीत, तें याच कारणासाठीं. यावरून खारें पाणी अगदींच साधु आहे असें मात्र कोणी समजूं नये. त्यांत लांकूड पोखरणारे किडे राहतात, त्यानें लोखंडी खिळे गंजतात, आणि मीठ हवेंतील ओल ओढून घेत असल्यामुळें खारवलेली फळी लवकर वाळतही नाहीं. पण फुलसावंगीच्या परिसरांत प्रश्न येतो तो गोड्या पाण्याचा, आणि गोडें पाणी हें बुरशीचें माहेर आहे.

मोठमोठ्या आरमारांनाही हा धडा फार महाग किंमत देऊन शिकावा लागला. इंग्लंडच्या आरमाराचा प्रसिद्ध कारभारी सॅम्युएल पेपिस यानें १६८४ सालच्या सुमारास नव्यानें बांधून नांगरून ठेवलेल्या जहाजांची पाहणी केली, तेव्हां त्यांच्या तळघरांत त्याला मुठीएवढ्या कुत्र्याच्या छत्र्या उगवलेल्या आढळल्या. कोंडलेली हवा आणि सांचलेलें पाणी यांचीच ती करणी. पुढें सव्वाशें वर्षांनींही हें दुखणें गेलें नव्हतें. क्वीन शार्लट नांवाचें शंभरांहून अधिक तोफांचें जहाज १८१० सालीं पाण्यांत लोटलें, आणि दुसऱ्याच वर्षीं, एकही लढाई न पाहतां, तें आंतून कुजल्याचें उघडकीस आलें.

याच काळांत मुंबईच्या गोदींत काय चाललें होतें, हें पाहिलें म्हणजे महाराष्ट्राला या प्रश्नांत अभिमान वाटावा असा भाग आहे. युरोपांतील युद्धांमुळें इंग्लंडला ओक लांकडाची टंचाई पडली, आणि मुंबईच्या वाडिया घराण्यानें मलबारी सागाचीं जहाजें बांधून दिलीं. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखालीं बांधलेली ट्रिंकोमाली ही फ्रिगेट १२ ऑक्टोबर १८१७ या दिवशीं मुंबईस पाण्यावर तरंगली. १८१९ सालीं ती पोर्ट्समथला पोहोंचली, तोंवर नेपोलियनशीं चाललेलीं युद्धें संपून गेलीं होतीं. कामावांचून उभी असलेली नाव, म्हणजे कुजण्यासाठींच ठेवलेली नाव! तिच्या डोलकाठ्या उतरविल्या, वर छप्पर चढविलें, आणि १८४५ पर्यंत ती तशीच उभी होती. इतका काळ उभी राहूनही ती पुढें समुद्रावर गेली. शतकाच्या उत्तरार्धांत नौकाविद्येची शाळा झाली. १८९७ सालीं दुसऱ्या मालकाकडे गेल्यावर फुड्रॉयंट या नांवानें आणखी नव्वद वर्षें मुलांना वागवीत राहिली. आणि आज इंग्लंडांतील हार्टलपूल येथें ती पुन्हां आपल्या मूळ नांवानें पाण्यावर तरंगत आहे.

तिच्या या दीर्घायुष्याचें श्रेय सर्वस्वीं सागाला देण्याची प्रथा आहे. साग त्या श्रेयाला पात्रही आहे. त्याच्या गाभ्यांत जीं तेलें व रासायनिक द्रव्यें असतात, तीं बुरशीला आणि वाळवीला नकोशीं होतात, आणि लोखंडाशींही तो ओकपेक्षां बरें जुळवून घेतो. तथापि, श्रेयाचा एक मोठा वाटा त्या साध्या छपराचा आहे. छपरानें पावसाचें पाणी वरचेवर झेललें, म्हणूनच सागाला आपला गुण दाखविण्यास अवसर मिळाला. सागाच्याही बाहेरील पांढऱ्या भागाला हा गुण नसतो. तो इतर सामान्य लांकडासारखाच कुजतो. यवतमाळच्या बाजारांत साग घरचा आहे म्हणून कोणीही उठून पांढरें लांकूड नावेंत बसवील आणि वर सागाचा भाव लावील, तर त्या व्यवहारांत नाव हरते, आणि गिऱ्हाइकही हरतें.

मराठी आरमाराला पावसाळ्याचें हें भय नीट ठाऊक होतें. अठराव्या शतकाच्या आरंभीं रामचंद्रपंत अमात्य यांनीं लिहिलेल्या आज्ञापत्रांत आरमाराच्या पावसाळी छावणीचा स्वतंत्र विचार केलेला आहे, आणि त्याच ग्रंथांत नावांसाठीं साग तोडावयाचा तो परवानगीनें तोडावा, रयतेच्या आंब्याफणसाला हात लावूं नये, एखादें झाड अगदींच जीर्ण झालें असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन तें घ्यावें, अशी ताकीद आहे. कोंकणचा कोळी आजही तीच रीत आपल्यापरीनें पाळतो. जून आणि जुलै महिन्यांत यांत्रिक नावांच्या मासेमारीवर सरकारी बंदी असते; त्या अवधींत होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात, त्यांवर नारळाच्या झापांचें किंवा ताडपत्रीचें उतरतें छप्पर घालतात. नावेची एक बाजू जराशी उचलून ठेवली म्हणजे आंत गेलेलें पाणी एका ठिकाणीं गोळा होतें व उपसतां येतें. झापांच्या छपराचा एक गुण ताडपत्रीला नाहीं: पाणी वरच्या वर निथळून जातें, पण हवा आरपार खेळते. नारळी पौर्णिमेला नाव पुन्हां पाण्यांत जाते, तेव्हां तिचें आंतलें लांकूड फारसें कोंदटलेलें नसतें.

आतां प्रत्यक्ष दुरुस्तीकडे वळण्यास हरकत नाहीं. दुरुस्ती या शब्दाबरोबर मनांत येतें तें नवें लांकूड, नवा रंग, हातोड्याचे घाव. वास्तविक पहिले कित्येक दिवस या कामांत कांहींच बसवावयाचें नसतें. फक्त काढावयाचें असतें. तळफळ्या उचलाव्या, आंतील अस्तराच्या पट्ट्या सोडवाव्या, पेट्या, बांकें, जें जें निघेल तें सर्व बाहेर आणावें. प्रत्येक फळीच्या पाठीवर अंक घालावा, आणि तो खडूनें न घालतां कोरून घालावा, कारण पुढच्या धुण्यांत खडू निघून जातो आणि मग वाकणदार तळांत कोणती फळी कोठें बसत होती, याचें कोडें सोडवीत दोन दिवस जातात. खालीं सांचलेला गाळ खरवडून काढल्यावांचून खरी हानि दिसूं लागत नाहीं. नावेच्या बरगड्यांच्या बुडाशीं लहान लहान खांचा ठेवलेल्या असतात, त्यांतून आंतलें पाणी एका खणांतून दुसऱ्या खणांत वाहत वाहत उपसण्याच्या जागीं यावें. या खांचा गाळानें बुजल्या कीं प्रत्येक खण हें एक स्वतंत्र डबकें होऊन बसतें. जुने दर्यावर्दी या खांचांतून एक साखळी ओवून ठेवीत, आणि अधूनमधून ती मागेंपुढें ओढून वाट मोकळी करीत. इतकी स्वस्त आणि इतकी उपयुक्त युक्ति नव्या नावांतून नाहींशी व्हावी, ही खेदाची गोष्ट आहे.

यानंतर वाळविणें. येथें उतावीळ माणसाकडून सर्वांत मोठें नुकसान होतें. विदर्भाच्या वैशाखांत नाव उघडी टाकली तर आठ दिवसांत ती ठणठणीत वाळेल हें खरें. पण वरचा थर आधीं आकसेल, आंतला ओलाच राहील, आणि फळीला चिरा जातील. फळ्यांमधले सांधे बोटबोटभर उघडतील. ते पाहून घाबरलेला कारागीर त्यांत काथ्या आणि कापूस ठासठासून भरील, वर राळ आणि तेल यांचा लेप देईल, आणि काम फार पक्कें झालें असें समजेल. पुढें नाव पाण्यांत गेली कीं फळ्या पाणी पिऊन फुगतात. सांधा आधींच गच्च भरलेला असल्यामुळें त्यांना फुगण्यास जागा उरत नाहीं. मग त्या आपल्या खिळ्यांना उपटतात किंवा बरगडीलाच तडा देतात. म्हणून नाव सावलींत, वाऱ्याच्या वाटेवर, हळूहळू वाळवावी. या मुलखांत त्याला उत्तम ऋतु कार्तिकापासून माघापर्यंतचा. त्या दिवसांत हवा कोरडी असते आणि ऊन सोसवतें. ज्येष्ठांत पहिला ढग दिसल्यावर नावेची आठवण होणें ही आपली नेहमींची रीत आहे. परंतु त्या वेळीं सुरू केलेलें काम ओल्या लांकडावर रंग फांसण्यापलीकडे जाऊं शकत नाहीं.

वाळतें आहे तोंवर परीक्षा करावी. अणकुचीदार दाभण घेऊन दर वीतभर अंतरावर लांकडाला टोंचून पाहावें. निरोगी लांकूड दाभणाला अडवितें आणि तें काढतांना चिवटपणें धरून ठेवतें. कुजलेलें लांकूड विनातक्रार आंत घेतें, आणि तुकडा उपटला तर लांब धागा न निघतां भुगा पडतो. लहान हातोडीनें ठोकून पाहिल्यास चांगल्या भागाचा नाद टणक येतो, बिघडलेल्याचा बद्द. जेथें फळी बरगडीला टेकते, जेथें दोन लांकडांचीं टोकें एकत्र येतात, जेथें खिळा आंत शिरतो, त्या जागा विशेष संशयानें पाहाव्या, कारण पाणी तेथें अडून राहतें, आणि लांकडाचें कापलेलें टोंक तें वातीसारखें शोषून घेतें. खिळ्याभोवतीं लांकूड काळें पडलें असेल तर लोखंड गंजलें आहे असें समजावें. वरून टोपी शाबूत दिसणारा खिळा आंतून सुईएवढा बारीक झालेला पुष्कळदां निघतो.

कुजलेला भाग कापतांना कंजूषपणा करूं नये. डोळ्याला जेथें कुज संपल्यासारखी दिसते, तेथें ती संपलेली नसते. तिचे तंतु पुढें निरोगी दिसणाऱ्या लांकडांत शिरलेले असतात. म्हणून दिसणाऱ्या सीमेपुढें निदान वीतभर, जमल्यास हातभर लांकूड काढून टाकावें. नवा तुकडा जुन्याला काटकोनांत टेकवून जोडूं नये. दोन्ही टोकें तिरकीं तासावीं, आणि हा उतार फळीच्या जाडीच्या आठपट ते बारापट लांब असावा. म्हणजे इंचभर जाडीच्या फळीला आठ ते बारा इंचांचा सांधा. शेजारशेजारच्या फळ्यांचे सांधे एकाच रेषेंत येऊं देणें म्हणजे नावेला तेथें मोडण्याची खूण करून ठेवणें होय. राहिलेल्या निरोगी लांकडाला टाकणखार आणि बोरिक आम्ल यांचें द्रावण पाजावें. तें बुरशीला मारक आहे आणि माणसाला फारसें त्रासदायक नाहीं. मात्र तें पाण्यांत धुऊन जातें, त्यामुळें त्याचा उपयोग आंतल्या बाजूसच. तें वाळल्यावर जवसाच्या उकळलेल्या तेलाचा हात. जवस तर विदर्भाला नवें नाहीं. पण तेलानें भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यांत टाकूं नयेत, त्या आपोआप तापून पेट घेतात, आणि पाण्यानें बिघडलेली नाव आगीनें जावी असा प्रसंग येतो.

रंगाविषयीं एकच सांगावयाचें. रंग हा ओल बाहेर ठेवण्यासाठीं असतो. ओल आंत असतांना दिला तर तो ती आंतच ठेवतो. अस्तराच्या पट्ट्या पुन्हां बसवितांना वर आणि खालीं दोन-दोन बोटें मोकळी जागा सोडावी, म्हणजे मागची हवा खालून शिरेल आणि वरून निघेल. तळफळ्या खिळ्यांनीं कायमच्या ठोकूं नयेत. लांकडी खुंट्यांवर अशा टेकवाव्या कीं एका माणसाला दोन मिनिटांत त्या उचलतां याव्या. ज्या नावेचा तळ पाहण्यासाठीं सुताराला बोलवावें लागतें, तिचा तळ कोणीच पाहत नाहीं.

येथवर लांकडी नावेची कथा झाली. परंतु पुराच्या वेळीं अलीकडे जिल्ह्याजिल्ह्यांतून वापरतात त्या नावा पुष्कळदां रबराच्या हवा भरावयाच्या किंवा कांचतंतूंच्या असतात, आणि त्यांना लांकडाचें दुखणें नाहीं अशी समजूत आहे. रबरी नावेपुरती ती बरीच खरी आहे, जरी तिच्याही तळाशीं व इंजिनाच्या पाटीला बऱ्याचदां प्लायवूडच असतें. कांचतंतूंच्या नावेपुरती ती सपशेल चुकीची ठरूं शकते. अशा कित्येक नावांत कांचतंतूंच्या दोन कातड्यांच्या मधें प्लायवूड कोंडलेलें असतें, विशेषतः मागच्या उभ्या पाटींत, जिच्यावर इंजिन लटकतें. इंजिनाच्या खिळ्यांचीं भोंकें हीं त्या कातडीला पडलेलीं दारें होत. पाणी तेथून शिरतें, आणि बाहेर पडण्यास त्याला वाट नसते. प्लायवूड सागरी प्रतीचें आहे, भारतीय मानक ७१० प्रमाणें तपासलेलें आहे, असें सांगून विक्रेता निश्चिंत करितो. तें प्रमाणपत्र खोटें नसतें. त्याचा मुख्य अर्थ हा कीं, थर चिकटविणारा सरस उकळत्या पाण्यांतही सुटत नाहीं. सरस न सुटतां लांकूड कुजूं शकतें, आणि तसें तें कुजतेंच. थर एकमेकांना चिकटून, एकजुटीनें कुजतात! या पाटीची परीक्षाही हातोडीच्या नादानेंच करावयाची, आणि संशय आल्यास आंतल्या बाजूनें बारीक गिरमिटानें भोंक पाडून काय बाहेर येतें तें पाहावयाचें. कोरडा फिकट भुसा आला तर भोंक बुजवून टाकावें. काळा ओला लगदा आला तर आंतली कातडी कापून सर्व पाटी नवी करावी लागते. मध्यम मार्ग नाहीं. पुराच्या लोंढ्यांत इंजिनाला पूर्ण जोर द्यावा लागतो, आणि कुजलेली पाटी त्याच क्षणीं मोडते.

दुसरें, तळाखालचा फोम. नाव पाण्यानें भरली तरी ती बुडूं नये म्हणून तळफळीच्या खालीं हलका फोम भरतात. तो नवा असतांना पाणी घेत नाहीं; वर्षानुवर्षें पाण्यांत पडून राहिला म्हणजे हळूहळू घेऊं लागतो. पाण्याच्या एका लिटराचें वजन एक किलो. अशा फोमनें दीडशें लिटर पाणी धरून ठेवलें, तर दोन धडधाकट माणसें नावेंत अदृश्य रूपानें कायमचीं बसलेलीं आहेत असें समजावें. आठ माणसांच्या नावेंत मग सहाच बसवावीं लागतील, पण वल्हें हातीं घेतलेल्या जवानाला हें कोणी सांगितलेलें नसतें. त्यामुळें नाव एकदां वजनकांट्यावर चढविणें ही परीक्षा करण्याजोगी आहे. कापसाच्या मुलखांत गाड्या तोलणारा कांटा हाकेच्या अंतरावर असतो. नावेच्या कागदांतील मूळ वजन आणि कांट्यावरील वजन यांत जी तफावत येईल, तितकें पाणी कोठें तरी लपलेलें आहे. भिजलेला फोम वाळवीत बसूं नये, तो काढूनच टाकावा.

शहरांतील सुशिक्षित गृहस्थाला हें सारें परक्या धंद्याचें वाटूं नये. २६ जुलै २००५ या दिवशीं मुंबईंत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि तळमजल्यावरील हजारों घरांतून पाणी शिरलें. पाणी ओसरल्यावर ओल्या भिंतीला टेकूनच नवें कपाट उभें करणें, फुगलेल्या फळीवर नवा चकचकीत पत्रा चिकटविणें, हे प्रकार अशा प्रत्येक पुरानंतर होतात. दोन वर्षांनीं कपाटाच्या मागून कुबट वास येऊं लागतो तेव्हां दोष सुताराला मिळतो. घरांत त्यानें फार तर कपडे खराब होतात. नावेंत त्याच कृतीचा हिशेब वेगळा लागतो.

आणि सुताराला दोष देणें नेहमींच न्यायाचें नसतें. दुरुस्तीच्या बिलांत नवी फळी लिहितां येते, रंगाचे डबे लिहितां येतात. पण तीन महिने सावलींत वाळविणें, गाळ खरवडणें, खांचा मोकळ्या करणें, यांना बिलांत रकाना नसतो. मोल ज्याचें मिळतें तेंच काम केलें जातें. नवें प्लायवूड जुन्या कुजक्या बरगड्यांवर ठोकून, वर निळा-पांढरा रंग देऊन नाव चार दिवसांत परत आणून देणारा कारागीर कामसू ठरतो, आणि फळ्या उघड्या टाकून थंडीभर बसणारा आळशी. काम देणाऱ्यानेंच हें उलटें माप सुधारलें पाहिजे: उघडण्याचे, वाळविण्याचे आणि तपासण्याचे पैसे वेगळे ठरवावेत, नाव उघडी असतांना प्रत्येक खणाचें छायाचित्र घ्यावें, आणि काढलेलें लांकूड फेंकून न देतां दाखविण्यासाठीं ठेवण्यास सांगावें. कुजका ढीग पाहिला म्हणजे पुष्कळ शंका आपोआप मिटतात.

मूळ लांकूड किती राखावें आणि किती बदलावें, यावर ट्रिंकोमालीच्या बाबतींतही विचार करावा लागला. १९९० ते २००१ अशीं अकरा वर्षें हार्टलपूल येथें तिच्या जीर्णोद्धाराचें काम चाललें, आणि मुंबईच्या गोदींत बसविलेल्या सागाचा मोठा भाग त्यांत राखण्यांत आला. ती ऐतिहासिक वस्तु होती. तिच्या प्रत्येक जुन्या फळीला स्वतःचें मोल होतें. पुराच्या नावेला असें मोल नाहीं. तेथें जुन्याची माया धरणें निरर्थक, आणि निरोगी जुनें लांकूड केवळ नवेपणाच्या हौसेनें काढणें हेंही तितकेंच निरर्थक. वाळलेला, मुरलेला साग नव्या ओल्या सागापेक्षां शंभर पटींनीं बरा.

काम पुरें झाल्यावर नाव ताब्यांत घेण्यापूर्वीं ती जवळच्या तलावांत सोडावी. कोरड्या लांकडी नावेला दोन-तीन दिवस पाणी पिऊन फुगूं द्यावें. आरंभीं कांहीं ठिकाणीं पाझर येतो, तो बहुधा आपोआप थांबतो. मग जितकीं माणसें तींत बसविण्याचा विचार असेल, तितक्या वजनाच्या वाळूच्या गोण्या भरून ती रात्रभर पाण्यावर ठेवावी. इंजिन असेल तर नाव बांधून ठेवून त्याला पूर्ण जोर देऊन पाहावा, आणि त्या वेळीं एका माणसानें मागच्या पाटीवर हात ठेवून ती हलते कीं काय तें पाहावें. सकाळीं गोण्या उतरवून तळफळ्या उचलाव्या, आणि बॅटरीच्या उजेडांत प्रत्येक खण निरखावा. पाणी कोठें आलें आहे, किती आलें आहे, तें खांचांतून वाहत उपसण्याच्या जागीं पोहोंचलें कीं मधेंच अडलें, हें नावेच्या वहींत तारखेसह लिहून ठेवावें. आणि पुढल्या कार्तिकांत फळ्या पुन्हां उचलल्यावर त्याच वहींत, त्याच पानाखालीं, पुढची नोंद करावी.